डबा चाटूनपुसून येतो, मुलगा मात्र उपाशी

सोनटक्का | सोमवार, रात्री ११:२०

गेल्या मंगळवारी डब्यात कारलं दिलं होतं. घरात दुसरी भाजी नव्हती आणि पहाटे साडेपाचला कुठे शोधत बसणार. चिरंजीव सहावीत आहेत, कारल्याचा वाससुद्धा खपत नाही त्याला. दुपारी डबा उघडला तर चाटूनपुसून लख्ख! मला आनंदच झाला. सासूबाईंना फोन लावून सांगितलं, 'मोठा झाला हो तुमचा नातू.' रात्री ओटा पुसताना एकदम चरकलं. हा रोज दोनला घरी येतो आणि बूटही न काढता ओट्यापाशी उभा राहून चार पोळ्या खातो, तो काय उगाच?

मग बाकीच्या गोष्टी आठवायला लागल्या. शर्टाचं वरचं बटण महिन्यात तीनदा तुटलं. रविवारी संध्याकाळी हटकून पोट दुखतं. पट्टी, खोडरबर, भूमितीची पेटी सगळं 'हरवतं'.

विचारलं, कारलं कोणी खाल्लं? म्हणे मीच. कोणी त्रास देतं का? नाही. आणि दार लावून घेतलं.

नवरा म्हणतो, 'दोन ठेवून दे म्हणावं, विषय संपतो.' सासूबाई म्हणतात, 'मुलं आहेत, चालायचंच.' शाळेत जावं तर हा 'आईला घेऊन येणारा' ठरेल. नाही जावं तर रोज उपाशी. तुमच्यापैकी कोणावर अशी वेळ आली असेल तर नक्की काय केलंत ते सांगा. उपदेश नको, अनुभव हवेत.

रिकामटेकडा

उद्या डब्यात दुधी द्या. गुंड स्वतःहून शाळेचा दाखला काढतील.

तालीमवाला

ताई, तुमच्या यजमानांशी शंभर टक्के सहमत. मी पाचवीत असताना एक दांडगा पोरगा रोज मागून टपली मारायचा. दोन महिने सोसलं. एक दिवस कंपासपेटी हाणली डोक्यात. दुसऱ्या दिवशी तोच चिंचा घेऊन आला, आज आमच्या गणपती मंडळात खजिनदार आहे. मुलाला तालमीत नाहीतर कराट्याला घाला. शाळेत तक्रारी करून पोरं मऊ होतात.

निळी छत्री

तालीमवाला, माझ्या धाकट्या भावानेही कंपासपेटीच हाणली होती. समोरच्याच्या भुवईला तीन टाके. आधीचे आठ महिने कोणी पाहिले नव्हते, ते दोन सेकंद मात्र सगळ्या वर्गाने पाहिले. माफीपत्र भावाने लिहिलं, दवाखान्याचं बिल बाबांनी भरलं आणि त्रास सुरूच राहिला, फक्त शाळेबाहेर. तुमचा दांडगा एकटा होता. आमच्याकडे चार होते.

कराट्याला जरूर घाला, पण कराटे आवडतं म्हणून.

पोह्यांवर शेव

+१ निळी छत्री. अवांतर: खजिनदाराकडून हिशोब नीट घेता ना?

जुना खडू | मंगळवार, सकाळी ६:०५

सोनटक्काताई, एकतीस वर्षं शिकवलं, शेवटची आठ वर्षं पर्यवेक्षक होतो. अनुभव मागितलात म्हणून माझी चूक आधी सांगतो.

सातवीतल्या एका मुलाची अशीच तक्रार आली. मी दोघांना शिक्षकखोलीत बोलावलं, समोरासमोर उभं केलं, 'सांगा काय झालं' म्हटलं. ज्याला त्रास होता तोच म्हणाला, 'मीच आधी चिडवलं सर.' मी दोघांना हात मिळवायला लावले आणि समाधानाने चहा प्यायलो. संध्याकाळी आमच्या शिपायाने सांगितलं, 'सर, दाराच्या फटीतून बाकीचे दोघं बघत होते की.' त्यानंतर मी कधी दोघांना एकत्र बोलावलं नाही. भांडण मिटवायला समोरासमोर बसवणं ठीक आहे, कारण भांडणात दोन बाजू सारख्या असतात. इथे त्या सारख्या नसतात, गोष्ट मुळात तीच आहे.

मस्ती की छळ हे ओळखायला मी तीनच गोष्टी पाहायचो. दोघं हसतायत की एकच? रोज तोच खाली पडतोय का? आणि त्याने 'पुरे' म्हटल्यावर थांबतात का?

दुसरं. वर्गात बाई असताना काही होत नाही. होतं ते स्वच्छतागृहाबाहेर, जिन्याच्या वळणावर, दोन तासांमधल्या त्या तीन मिनिटांत आणि रिक्षा-व्हॅनमध्ये. थोडक्यात, जिथे मोठं माणूस नाही तिथे. म्हणून मुलाला 'कोण?' विचारू नका, नाव सांगणं म्हणजे त्याला चहाडी वाटते. 'कुठे?' आणि 'कधी?' विचारा. जागा कळली की निम्मं काम झालं, कारण जागेवर माणूस उभा करता येतो.

शाळेत जाल तर लेखी अर्ज न्या. तारीख, जागा, काय झालं, एवढंच लिहा. त्यात आरोप आणि विशेषणं नकोत. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अवाक्षर टाकू नका, आणि त्या मुलांना गेटवर गाठून दम तर अजिबात देऊ नका. तो मोह होतो, मला ठाऊक आहे.

शुद्धलेखक

जुना खडू सर, अप्रतिम. तुमच्यासारख्या शिक्षकांचे आशिर्वाद मिळाले म्हणून आमची पिढी घडली.

टेकडीवरून

ताई, एक साधी युक्ती. मुलाला समोर बसवून विचारू नका. गाडीवर मागे बसलेला असताना विचारा. तोंड दिसत नाही, हेल्मेटमुळे आवाज अर्धाच पोचतो, त्यामुळे पोरं बोलतात. माझ्या लेकीचं दहावीचं टेन्शन मला डेक्कन ते वारजे या टप्प्यात कळलं. घरी सहा महिने 'काही नाही' चालू होतं.

आणि पहिलं वाक्य 'मग तू काय केलंस?' हे नको. माझं तेच असायचं.

बालाघाट

इथे लिहावं की नाही कळत नव्हतं. आमच्याकडे मारामारी नाही, डबा पळवणं नाही.

आम्ही २०१९ ला लातूरहून वाकडला आलो. मुलगी चौथीत असताना वर्गात उभं राहून कविता म्हणत होती. त्यात 'पाणी' आलं, ती 'पानी' म्हणाली. वर्ग हसला. बाईपण हसल्या, वाईट हेतूने नाही, पण हसल्या. त्या दिवसापासून तिचं नाव पानी. 'ए पानी, पानी दे.' 'पानी आली, छत्र्या उघडा.' व्हॅनमध्ये, मधल्या सुट्टीत, गॅदरिंगच्या तालमीत. दोन वर्षं.

ती शाळेत मराठी बोलायचीच बंद झाली. सगळं इंग्रजीत. सुट्टीत गावाकडं गेलो की आजीशी बोलतानासुद्धा आधी थांबते, मनात वाक्य तपासते, मग बोलते. आजी म्हणते, पोर्गी मुकी झाली काय गं.

पोरांचा राग येत नाही मला. बाई हसल्या त्याचा येतो.

शुद्धलेखक

बालाघाट, मुलीबद्दल वाईट वाटलं, पण एक स्पष्ट सांगतो. प्रमाण उच्चार शिकवणं हे शाळेचं काम आहे. ण आणि न यांतला फरक मुलांना कळलाच पाहिजे. याला छळ म्हणायचं तर शिक्षकांनी चुका दाखवायच्याच नाहीत का? उच्चार सुधारला तर फायदा तिचाच.

बालाघाट

सुधारला की. आता 'पाणी' ठणठणीत म्हणते. नाव मात्र अजून पानीच आहे.

रिकामटेकडा

शुद्धलेखक, वर जुना खडू सरांना तुम्ही 'आशिर्वाद' लिहिलंय. शी दीर्घ. आता दोन वर्षं तुम्हाला आशिर्वाद म्हणायचं का?

पोह्यांवर शेव

हाहाहा! आशिर्वाद काका.

तालीमवाला

आशिर्वादराव, उत्तर द्या.

निळी छत्री

🤣 रिकामटेकडा, मान गये.

शुद्धलेखक

टंकनदोष होता. मुद्द्याला उत्तर नसलं की व्यक्तीवर घसरायचं, ही इथली जुनी रीत.

पोह्यांवर शेव

आशिर्वाद असू द्या हो, रागावता काय.

काळा कोट | मंगळवार, दुपारी २:४०

धागा भरकटण्याआधी थोडं कायद्याचं. मी वकिली करते, पण हा सल्ला नाही, माहिती आहे.

दर वर्षी जूनमध्ये दोनतीन पालक येतात, 'मॅडम, त्या पोरावर केस टाका' म्हणत. भारतीय न्याय संहितेच्या कलम २० प्रमाणे सात वर्षांखालच्या मुलाचं कुठलंच कृत्य गुन्हा ठरत नाही. कलम २१ प्रमाणे सात ते बारा या वयात त्याला परिणामांची पुरेशी समज आलेली नसेल तर तेही नाही. त्यापुढचं अठरापर्यंतचं बाल न्याय मंडळाकडे जातं. तेव्हा सहावी-आठवीच्या पोराला 'पोलिसात देईन' म्हणणं ही पोकळ धमकी आहे आणि पोरांना ते लवकर कळतं. अपवाद मोठा आहे: कपडे काढायला लावणं, नको तिथे हात लावणं, तसले फोटो किंवा व्हिडिओ. तिथे २०१२ चा पॉक्सो कायदा लागतो. असं घडल्याचं कळूनही न कळवणं हाच त्यात गुन्हा आहे, शाळेलासुद्धा. तिथे 'आपसात मिटवू' चालत नाही.

बालाघाट, शिक्षकांकडून मानसिक त्रास होत असेल तर शिक्षणहक्क कायदा २००९, कलम १७ आहे. एकदा हसण्याला ते लागेल असं मी म्हणणार नाही. पण मुख्याध्यापकांशी बोलताना हे कलम माहीत असलेलं बरं.

सीबीएसईने २०१५ मध्ये आपल्या शाळांना छळविरोधी समिती नेमण्याबद्दल परिपत्रक काढलं होतं. राज्यात २०२२ च्या शासननिर्णयाने शाळांमध्ये मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती आल्या. शाळेत गेलात की विचारा, समितीवर कोण आहे आणि शेवटची बैठक कधी झाली. उत्तर द्यायला किती वेळ लागतो त्यावरून बरंच कळतं.

सोनटक्का | बुधवार, रात्री १०:१५

टेकडीवरून, तुमचे पाय धरते.

आज मुद्दाम क्लासहून आणायला मी गेले. राजाराम पुलावर नेहमीप्रमाणे अडकलो. मी सरळ पुढे बघत म्हटलं, 'कारलं व्हॅनमध्ये गेलं की शाळेत?' बराच वेळ काही नाही. मग मागून आवाज, 'व्हॅनमध्ये.' सिग्नल दोनदा सुटला आणि मला पुढे जायची इच्छा होईना. मागचे हॉर्न मारत होते, मारू दिले.

व्हॅनमध्ये लहान मुलं पुढे बसतात, मोठी मागे. माझा मुलगा मागच्या बाकावर, आठवीतल्या तिघांबरोबर. शाळेत पोचायच्या आत डबा संपतो. देत नाही म्हटलं तर दप्तर खिडकीबाहेर धरतात. बटणं त्यात तुटतात. बाकीची पाचसहा पोरं बघतात, काही हसतात. ड्रायव्हरकाका कानात ते पांढरे गोळे घालून असतात.

मी 'तू काय केलंस' म्हटलं नाही. जीभ चावली अक्षरशः. फक्त म्हटलं, 'बरं झालं सांगितलंस.' तर म्हणे, 'बाबांना सांगू नको, ते मला मारायला शिकवतील.'

नवऱ्याला हे वाक्य वाचायला दिलंय. तो गॅलरीत जाऊन उभा आहे.

जुना खडू

जागा कळली. शाबास, त्याला आणि तुम्हालाही.

फ्योर्डकाठ

नॉर्वेहून. इथे याला 'मॉबिंग' म्हणतात. या विषयावर पद्धतशीर संशोधन सुरू केलं ते डॅन ओल्वेयस यांनी, १९७० च्या दशकात. जुना खडू सरांनी जे तीन निकष सांगितले, जवळपास तेच त्यांचे होते: मुद्दाम, पुन्हा पुन्हा आणि ताकद असमान. १९८२ च्या शेवटी इथल्या तीन मुलांनी जीव दिला आणि १९८३ मध्ये देशभर मोहीम सुरू झाली. त्याआधी इथेही 'मुलं आहेत, चालायचंच' होतं.

ऑगस्ट २०१७ मध्ये कायदा आणखी कडक झाला. शाळा सुरक्षित वाटते की नाही हे मुलाच्या अनुभवावरून ठरतं, पुराव्यावरून नाही. तसं वाटत नसेल तर शाळेने लेखी आराखडा करायचा. मुख्याध्यापकांना सांगून आठवडा झाला आणि काही हललं नाही, तर पालक थेट वरच्या प्रांतिक अधिकाऱ्याकडे जातात.

इतकं असूनही माझ्या लेकीने दुसरीत पोळीभाजी न्यायची बंद केली. इथला डबा म्हणजे गार पाव आणि चीज. तिच्या मेथीच्या वासावर पोरं नाक धरायची. आता तीही गार पाव नेते. आराखडा वगैरे काही झाला नाही, कारण आम्ही सांगितलंच नाही. एवढ्याशा गोष्टीला काय सांगायचं, असं वाटलं.

नवा आयडी ७ | गुरुवार, पहाटे १:५०

हा आयडी फक्त याच धाग्यासाठी काढलाय. माझा नेहमीचा आयडी तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे.

मी दुसऱ्या बाजूची आई आहे.

मागच्या वर्षी शाळेतून फोन आला. मुलगा तेव्हा सातवीत. मी गेले ती भांडायच्याच तयारीने. 'माझा मुलगा असं करणारच नाही', हे वाक्य रिक्षात पाठ करत गेले. वर्गशिक्षिका काही बोलल्या नाहीत, एका मुलाने केलेलं रेकॉर्डिंग ऐकवलं. आवाज माझ्या मुलाचा. तो एका मुलाला म्हणत होता, 'डोक्यात बटाटे भरलेत का रे? उकडून खाऊ का?' आणि मागे दहाबारा मुलं खिदळतायत.

ते वाक्य माझं आहे. धाकट्याचा अभ्यास घेताना मी रोज म्हणते, बटाटे, उकडून, सगळं तसंच. आमच्या घरात त्यावर हसतात. धाकटाही हसतो. हसायचा, असं आता वाटतं.

घरी येऊन मुलाला विचारलं, का केलंस? म्हणाला, 'सगळे हसायचे. मला वाटलं त्यालापण आवडतं.' मी ते खोटं मानत नाही. पण पूर्ण खरंही मानत नाही.

शाळेने त्याला काढलं नाही याबद्दल मी ऋणी आहे. फुटबॉलच्या संघातून एक सत्र बाहेर ठेवलं, मधली सुट्टी ग्रंथालयात, आणि दर शुक्रवारी शिक्षिकेला भेटून आठवड्याचं बोलायचं. त्या मुलाच्या आसपास जायचं नाही, माफी मागायलासुद्धा नाही, तो तयार होईपर्यंत. तो मुलगा अजून तयार झालेला नाही. ते त्याचं बरोबरच आहे.

त्रास कशाचा झाला म्हणाल तर सोसायटीचा. ग्रुपवर नाव न घेता सगळं आलं. आता माझ्या मुलाला वाढदिवसाला कोणी बोलावत नाही. लहान मुलं त्याला लांबून 'गुंड' म्हणतात. आमच्याच वाट्याला आलंय ते, तक्रार नाही. फक्त एवढंच की गेले काही महिने तो रविवारी संध्याकाळी पोट दुखतं म्हणतो.

टेकडीवरून

काय लिहू कळत नाही. लिहिलंत हे मोठं आहे.

तालीमवाला

माझ्या चिंचावाल्याला काल फोन केला. विचारलं, आठवतं का. म्हणाला, 'तू मला मारलंस ते आठवतं. मी टपल्या मारायचो? कधी?' चाळीस वर्षांची मैत्री आहे. त्याला आठवतच नाही.

ऐकणारी | गुरुवार, दुपारी १२:३०

मी पिंपरी-चिंचवडच्या एका शाळेत समुपदेशक आहे. दोन दिवस वाचतेय, राहवलं नाही.

नवा आयडी ७, मुलाच्या पोटदुखीकडे तेवढ्याच गांभीर्याने बघा. छळणारं मूल आणि छळ सोसणारं मूल या दोन वेगळ्या जाती नसतात. शिक्षा झाली ते योग्य झालं, पण नाव चिकटलं की ते मूल त्याच नावाला जागायला लागतं. 'तू गुंड आहेस' आणि 'तू केलंस ते वाईट होतं' या वाक्यांमध्ये पोरांना आपल्याला वाटतं त्याहून फार मोठा फरक कळतो.

सोनटक्का, तुम्ही एका ओळीत लिहून गेलात: बाकीची पाचसहा पोरं बघतात. माझं निम्मं काम त्या पाचसहांबरोबर असतं. कॅनडात शाळांच्या मैदानांवर कॅमेरे लावून केलेला एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. दहातल्या जवळपास नऊ प्रसंगांत बघणारी मुलं हजर होती. त्यांच्यातलं कोणी मध्ये पडलं असं मात्र पाचांत एकदाही नीट होत नव्हतं. आणि पडलं तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा प्रकार दहा सेकंदांत थांबला. मध्ये पडणं म्हणजे मारामारी नव्हे. मी मुलांना शिकवते ते एवढंच: हसू नका. आणि त्याला हाक मारा. 'ए, इकडे ये, वही दे जरा.' एवढ्याने खेळ मोडतो.

चहाडी की मदत, हा प्रश्न प्रत्येक वर्गात येतो. माझं उत्तर: कुणाला अडकवायला सांगितलं तर चहाडी, कुणाला सोडवायला सांगितलं तर मदत. तिसरी-चौथीपासून मुलांना हे बरोबर समजतं.

आता एक नाजूक गोष्ट. वर 'आशिर्वाद' प्रकरण झालं. पहिला विनोद मुद्देसूद होता, मीही हसले. पुढचे चार काय होते? आणि शुद्धलेखक त्यानंतर इथे आलेले नाहीत.

नंबर लिहून ठेवा: मुलांसाठी १०९८, चोवीस तास, मोफत. मनावर ताण असेल तर टेलिमानस १४४१६, मराठीतून बोलता येतं.

रिकामटेकडा

अरेच्चा.

बालाघाट

मला हे परवाच लिहायचं होतं. शुद्धलेखक यांचं म्हणणं मला पटलेलं नाही आणि पटणारही नाही. पण ते एकामागून एक आशिर्वाद आशिर्वाद वाचताना बरं वाटायला हवं होतं आणि बरं वाटलं नाही. लेक शेजारी बसून वाचत होती. म्हणाली, 'आई, हे काकापण पानी झाले.'

पोह्यांवर शेव

शुद्धलेखक, माफी. मनापासून. टंकनदोष माझे रोज दहा होतात.

शुद्धलेखक | शुक्रवार, सकाळी ९:१०

आलो होतो, वाचत होतो. लिहायला हात उचलत नव्हता. ६४ वर्षांचा आहे मी, आणि एका वेलांटीवरून दोन दिवस इथे यायचं टाळलं, हे मलाच नवल वाटतंय.

प्रमाण उच्चार शिकवावा हे माझं मत कायम आहे. बालाघाट, तुमच्या मुलीला सांगा, 'पानी' हा शब्द चूक नाही, तो तिच्या आजीचा आहे. वर्गात 'पाणी', आजीकडे 'पानी'. दोन्ही येणारी माणसं माझ्यासारख्या एकच येणाऱ्यांपेक्षा श्रीमंत.

काळा कोट

सोनटक्का, व्हॅन म्हटल्यावर आठवलं. शाळा बहुधा म्हणेल, 'व्हॅन खाजगी आहे, आमचा संबंध नाही.' महाराष्ट्रात स्कूल बसबाबत २०११ चे नियम आहेत. त्यांप्रमाणे प्रत्येक शाळेत परिवहन समिती असायला हवी आणि तिचे अध्यक्ष खुद्द मुख्याध्यापक. अर्जात 'परिवहन समितीपुढे ठेवावे' एवढं वाक्य घाला.

सोनटक्का

लिहून घेतलं. सोमवारी जातेय. दोघंही जातोय. नवऱ्याला सांगितलंय, तिथे गप्प बसायचं.

भटकंती

ताई, पुढे काय झालं?

पोह्यांवर शेव

वाट बघतोय.

सोनटक्का | तीन आठवड्यांनी, रविवार

उशीर झाला, माफ करा. मध्ये सहामाही परीक्षा होती.

मुख्याध्यापिका पहिल्यांदा तेच म्हणाल्या, व्हॅन खाजगी आहे. काळा कोट यांचं वाक्य दाखवलं. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं, मग कपाटातून एक फाइल काढायला सांगितली. समिती होती, कागदावर. मला वाटतं मॅडमनाही ती बऱ्याच दिवसांनी भेटली असावी. पण त्यानंतर त्यांनी टाळाटाळ केली नाही, हे सांगायला हवं. अर्जावर शिक्का मिळाला. दोघांना समोरासमोर आणू नका, ही विनंती मान्य केली. तिघांच्या पालकांना वेगवेगळ्या दिवशी बोलावलं.

ती मुलं उपाशी वगैरे असतील असं मला वाटत होतं. मी तर मनात त्यांच्यासाठीही डबा भरायला लागले होते. तसलं काही नाही. तिघंही खात्यापित्या घरची. एकाच्या डब्यात म्हणे रोज पनीर असतं. त्यांना ती मजा वाटत होती, इतकंच.

व्हॅनमध्ये बसायच्या जागा बदलल्या. मोठी मुलं पुढे, काकांच्या मागे. काकांच्या कानातले गोळे निघाले. मदतनीस बाई 'पुढच्या महिन्यापासून' आहेत, बघू. तिघांतला एक आता माझ्या मुलाशी बोलत नाही, दुसऱ्याने एकदा स्वतःहून 'काय रे' म्हटलं. तिसरा चालता चालता खांदा मारतो, ते अजून आहे. तारखा लिहून ठेवतेय.

व्हॅनमधली पाचवीतली एक मुलगी आहे. तिने घरी आधीच सांगितलं होतं म्हणे, महिन्यापूर्वी. तिची आई म्हणाली होती, 'आपल्याला काय करायचंय.' परवा त्या आईने मला फोन केला. अर्धा तास आम्ही दोघी शाळेबद्दल सोडून सगळ्याबद्दल बोललो.

नवरा आता गाडीवरून क्लासला सोडतो. काय बोलतात माहीत नाही. विचारत नाही.

शुक्रवारी पुन्हा कारलं दिलं. मुद्दाम. डबा जसाच्या तसा परत आला, वर दीड पोळीसुद्धा. म्हणाला, 'आई, असलं काय देतेस गं डब्यात!' मी त्याला रागावले आणि मग आत जाऊन थोडी रडले.

जुना खडू

खांदा मारतो ते शाळेला कळवा. लहान आहे म्हणून सोडू नका.

नवा आयडी ७

सोनटक्का, त्या तिसऱ्या मुलाच्या आईला कोणी हा धागा दाखवेल का? तुम्ही नको. मी बोलू शकते.

ऐकणारी

नवा आयडी ७, तुम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवलाय. शाळेमार्फत करू.

रिकामटेकडा

सोनटक्काताई, एक विचारू का, राग मानू नका. आठवीतली तीन पोरं कारलं चाटूनपुसून खातात म्हणजे नेमकं करता कसं?

सोनटक्का

चिंच-गूळ, भरपूर कांदा, आणि परतताना घाई करायची नाही. पाककृती विभागात टाकते उद्या, इथे नको.